कावळा म्हणजे मृत्यू, बगळा म्हणजे ढोंगी, एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत साहित्य आणि लोककलेतल्या निसर्गप्रतीकांवर जे पान आलंय ते वाचलं. चित्रं झकास आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मधे जो चौकोन टाकलाय ना, कमळ म्हणजे पावित्र्य, कावळा म्हणजे मृत्यू, बगळा म्हणजे ढोंगीपणा, हत्ती म्हणजे वैभव, तो चौकोन आमच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय आणि शाळेतली पोरं तो वहीत उतरवून घेतायत, म्हणून लिहायला बसलो. माझं पैठणजवळ बी-बियाण्याचं दुकान आहे, मी काही मराठीचा प्राध्यापक वगैरे नाही. पण गाथासप्तशती, म्हणजे दोन-दोन ओळींच्या ७०० प्राकृत गाथांचा जुना संग्रह, वाचायचा नाद आहे, आणि आमच्या गावचंच पुस्तक म्हणायचं ते, कारण हाल सातवाहनाच्या नावावर आहे आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे हेच आमचं पैठण. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा जो तो गाथासप्तशतीचं नाव घेत होता. नाव घेतलं, पुस्तक उघडलं किती जणांनी देव जाणे.

तर पहिला बगळा. गाथासप्तशतीच्या अगदी सुरुवातीलाच एक गाथा आहे, "उअ णिच्चलणिप्पंदा भिसिणीपत्तम्मि रेहइ बलाआ". म्हणजे बघ ना, कमळाच्या पानावर बगळी कशी जराही न हलता बसलीय, पाचूच्या ताटात शंख ठेवावा तशी. वाचून वाटतं निसर्गवर्णन आहे, छान आहे, पुढे जाऊ. पण हे एक बाई तिच्या माणसाला सांगतेय, आणि काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाश या काव्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथात हीच गाथा उदाहरणाला घेऊन तिचा उलगडा केलाय. बगळी हलत नाही म्हणजे तिला कसली भीती नाही, भीती नाही म्हणजे आसपास माणूस नाही, माणूस नाही म्हणजे भेटायला जागा मोकळी आहे. बाईने "चल" असा शब्दसुद्धा काढलेला नाही, सगळं बगळीकडून बोलवून घेतलंय. आता यात ढोंगीपणा कुठे बसवायचा सांगा? आणि कमळाचं पावित्र्य? कमळाचं पान इथे नुसतं हिरवं ताट आहे, त्यावर पांढरा पक्षी उठून दिसतो म्हणून.

बरं, बगळा ढोंगी हे खोटं आहे असंही मी म्हणत नाही. पंचतंत्रातला म्हातारा बगळा माशांना दुसऱ्या तळ्यात नेतो म्हणून फसवतो आणि खातो, शेवटी खेकडा त्याची मान धरतो, ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, बकध्यान हा शब्दही आहेच. पण दोन्हीकडे बगळ्याची खोड एकच आहे, तो तासन् तास हलत नाही. माशाच्या बाजूने बघितलं तर ते ढोंग, आणि नदीकाठी कुणी नसावं असं वाटणाऱ्या बाईच्या बाजूने बघितलं तर तीच खात्री. इथे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, काठाला सकाळी या, बगळे दिसतील, तुम्ही जवळ जायला लागलात की ठराविक अंतरापर्यंत ते तुमच्याकडे लक्षच देत नाहीत आणि मग एकदम उडतात. ही गोष्ट माहीत असल्याशिवाय ती गाथा कळतच नाही. चौकोन पाठ करून तर मुळीच नाही.

दुसरा कावळा, याचं मला जास्त वाईट वाटलं. मृत्यू म्हणून मोकळे झालात. पिंडाला शिवणारा कावळा आहे, मान्य. पण ज्ञानेश्वरांच्या विराणीतला कावळा, "पैल तो गे काऊ कोकताहे", तो काय मृत्यूचा निरोप घेऊन आलाय? तो पाहुणा येणार म्हणून ओरडतोय आणि पाहुणा आहे पंढरीचा राणा, आणि ती विरहिणी त्याला म्हणते तुझे पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी देईन. आजही आमच्याकडे कावळा दारात ओरडला की म्हातारी माणसं विचारतात कोण येणारे रे आज. म्हणजे एकच पक्षी गेलेल्यांचंही सांगतो आणि येणाऱ्यांचंही. माणसाच्या वस्तीला इतका चिकटून राहणारा, दारात येऊन थेट तोंडाकडे बघणारा दुसरा पक्षी कुठला आहे? निरोप्या तोच होणार ना.

आणि याच कावळ्याची एक गाथा आहे, माझी सगळ्यात आवडती. नवरा परगावी गेलेला, बायको कावळ्याला घास घालतेय. वाट बघून बघून ती एवढी वाळलीय की घास ठेवायला हात खाली केला तर बांगडीच मनगटातून निसटून खाली पडते, घास बरोबर त्या बांगडीच्या मधोमध येतो, आणि कावळा काही केल्या तो घास उचलत नाही, कारण त्याला वाटतं हा फास लावलाय. संपली गाथा. दोन ओळी फक्त. विरह हा शब्द नाही, रडणं नाही, एक बांगडी आणि एक शंकेखोर कावळा. आणि वाईट असं की शकुन बघायला घास घालायचा तर तिच्या वाळण्यामुळेच तो शकुन अडला. आता कावळा फासाला घाबरतो हे त्या कवीला कुणी सांगितलं? बघितलं असणार. शेतात कणसांवर दोरी बांधली तर कावळे दोन दिवस लांबून बघत बसतात, पितृपक्षात पान नवीन भांड्यात वाढलं तर जवळ येत नाहीत, आणि लोक म्हणतात आजोबांची काहीतरी इच्छा राहिली. असेलही, पण वाटीसुद्धा बदलून बघा एकदा.

आता माझ्या धंद्यातली गाथा. एक बाई मान खाली घालून रडतेय आणि तिची मैत्रीण (किंवा दूती, काय म्हणायचं ते म्हणा) तिला समजावते, साळीची शेतं पांढरी पडायला लागली म्हणून रडतेस कशाला, तो बघ सणाचा मळा, हरताळ तोंडाला फासलेल्या नटीसारखा झालाय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भात पिकलं तर कुणी का रडेल असं वाटेल, शेतकऱ्याला तर आनंद झाला पाहिजे. पण भात पिकलं म्हणजे कापणी आली, कापणी झाली की लपायला जागा संपली. आणि सण म्हणजे आपला ताग, हिरवळीच्या खतासाठी पिशव्या नेतात ना तोच, काही ठिकाणी बोरू म्हणतात. त्याला पिवळीधमक फुलं येतात आणि तो माणसाच्या डोक्याच्यावर जातो. म्हणजे मैत्रीण सांगतेय एक जागा गेली तर दुसरी तयार आहे, आणि तीही रंगून बसलीय. पूर्वीच्या नटी तोंडाला हरताळाचा पिवळा रंग लावत ते या एका ओळीत फुकटात कळतं. तुमच्या चौकोनात तागाला जागाच नाही, पिवळा रंग म्हणजे काय ते मात्र दिलंय.

आणि आज शहरातलं सोडा, गावातल्या पोरांनाही ही गाथा लगेच कळायची नाही, कारण ताग आता फुलायच्या तोंडावर नांगराखाली जातो, गाडायचा असतो ना तो. अख्खं पिवळं रान बघायला मिळत नाही, बियाण्यासाठी कुणी ठेवला असेल तरच. लपायला आता ऊस आहे. त्यावरून ती दुसरी प्रसिद्ध गाथा आठवते, "भम धम्मिअ वीसत्थो", आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या ग्रंथात घेतलेली. एक भाविक माणूस रोज फुलं तोडायला गोदेकाठच्या झाडीत येतो, बाईच्या भेटीची जागा नेमकी तीच, तर ती त्याला म्हणते, महाराज आता खुशाल फिरा, ते कुत्रं तुम्हाला त्रास द्यायचं ना, त्याला त्या गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारलं. फिरा म्हणतेय, पण कोण फिरेल! सिंह खरोखर होता का हा प्रश्नच नाही, तो तिच्या गरजेपुरता झाडीत आलाय. आजची बाई असती तर उसात बिबट्या शिरलाय म्हणाली असती आणि नाशिक-जुन्नरकडे तर अर्ध्या तासात गाव रिकामं झालं असतं. इथे सिंह म्हणजे शौर्य का राजेपणा? पण तुमचा चौकोन तर तेच सांगणार.

हत्तीचं थोडक्यात सांगतो. माझी बायको सातारा बाजूची, तिच्याकडे हादगा असतो, हत्तीचं चित्र मधे आणि पोरी भोवती फेर धरतात. हे वैभव वगैरे नंतर, आधी ते हस्त नक्षत्र आहे. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्तात जातो, तो पाऊस पडला तर रब्बीच्या ज्वारीला ओल मिळते, नाही पडला तर आमच्या दुकानात काउंटरवर हात जोडून बसायची वेळ. हस्त म्हणजे हात, हत्तीचा हात म्हणजे सोंड, आणि सोंडेतून पाणी. हे कुणी वर्गात शिकवत नाही, पोरी फेर धरून शिकतात.

आता कुणी म्हणेल की तुमचं सगळं निरीक्षणच का, तर तसंही नाही. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहनं असतात, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. ती नक्षत्रं मोजून आणि ९ ने भागून काढतात, त्यात बेडकाकडे कुणी बघितलेलं नसतं. तरी गिऱ्हाईक विचारतं मृगाला वाहन काय, आणि बेडूक किंवा म्हैस निघालं की कापसाच्या दोन पिशव्या जास्त नेतं. प्रतीक असंही चालतं. आणि बहिणाबाईंची सुगरण घ्या. पक्षीवाले सांगतात खोपा नर विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते. मग कविता चुकली का? तर "जीव झाडाले टांगला" पर्यंत वाचा. विणणारा नर बऱ्याचदा दुसरा खोपा आणि दुसरी मादी बघायला मोकळा, आणि आतल्या पिलांना भरवायला मुख्यतः मादीच मागे राहते. कारागीर कोण यात गडबड असेल, जीव कुणाचा टांगलाय त्यात काडीची गडबड नाही. स्वतःला लवकर वैधव्य आलेलं, त्या बाईला ते दिसणारच.

वारलीचं तर बोलायलाच नको. तुमच्या पानावर तारपा नाचाचं वर्तुळ छापलंय आणि खाली "निसर्गाशी एकरूपता" असं लिहिलंय, जे हॉटेलच्या भिंतीपासून कॉफीच्या मगापर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. पण लग्नाच्या घरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर जो चौक काढतात आणि त्यात पालघट देवी बसवतात, तो कुठेय? लग्न, धान्य आणि झाडोरा एकाच चौकटीत, आणि तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, त्यांच्यामुळे वारली जगभर गेली हे खरं, पण मूळ काम बायकांचं, तेवढं एक वाक्य तरी टाकायला पाहिजे होतं.

माझी विनंती एवढीच की पुढचा भाग छापाल तेव्हा तो चौकोन काढून टाका. त्या जागेत एक गाथा द्या, मराठी अर्थासकट. स. आ. जोगळेकरांची आवृत्ती आहे, जुन्या लायब्ररीत मिळते. आणि त्या गाथेतलं झाड किंवा पक्षी आज आपल्याकडे कुठे, कुठल्या महिन्यात दिसतो ते द्या. ७०० गाथा आहेत, आठवड्याला एक धरली तरी १३ वर्षं पुरतील, तुम्हाला मजकुराची अडचण येणार नाही. शृंगाराच्या आहेत म्हणून शाळेतल्या पोरांसाठी नको म्हणणारे फोन येतील, येऊ द्या. तागाच्या फुलाचा फोटो लागला तर पावसाळा संपता संपता कळवा, आमच्या भागात बियाण्यासाठी कुणी उभा ठेवला असेल तर काढून पाठवतो.

आपला,
एक वाचक, पैठण