औंढ्याचं ‘लायगो’ नेमकं काय मोजणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

औंढा नागनाथला होऊ घातलेल्या ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेवर बातमी आली की त्यात जमीन किती गेली, 2600 कोटींचं काय झालं आणि स्थानिकांना नोकऱ्या किती, एवढंच असतं. प्रश्न रास्तच आहेत. पण तिथे मोजणार काय, हे कुणी धड सांगत नाही. मग ‘कृष्णविवरं बघायला एवढा पैसा?’ असा सूर निघतो.

मुळात कृष्णविवरं दिसत नाहीत, हीच तर अडचण आहे. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या ‘लायगो’च्या केंद्रांनी पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठलेला तरंग, टिपली, ती दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची. एक सूर्याच्या सुमारे 36 पट, दुसरं 29 पट. बेरीज 65 व्हायला हवी, उरलं 62. कमी भरलेलं तीन सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्या अंशात लहरी होऊन निघून गेलं! सुमारे 130 कोटी वर्षांनी त्या लहरी इथे पोचल्या, तेव्हा केंद्रातल्या चार किलोमीटरच्या लेसर-भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक पडला. ताऱ्यांपासून बनलेली इतकी जड कृष्णविवरं असतात, याचा त्याआधी पुरावा नव्हता. असला संकेत गोंगाटातून वेगळा काढायच्या पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी कितीतरी आधीच काम केलं होतं.

मग औंढ्याचं केंद्र का हवं? दोन केंद्रांवरून लहर कुठून आली हे नीट कळत नाही. त्या पहिल्या वेळी आकाशाचा सुमारे 600 चौरस अंशांचा पट्टा संशयित होता. 17 ऑगस्ट 2017 ला मात्र इटलीतलं ‘व्हर्गो’ हे तसंच केंद्रही चालू होतं. गंमत म्हणजे त्या दिवशीच्या लहरीचा संकेत त्यात जेमतेमच उमटला, आणि त्यावरूनच उगम त्याच्या आंधळ्या दिशेला, म्हणजे जिकडची लहर त्याला नीट टिपता येत नाही तिकडे, आहे हे ताडता आलं. शोध 28 चौरस अंशांवर आला. काही तासांतच दुर्बिणींना एनजीसी 4993 या दीर्घिकेत ती जागा सापडली. दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांवर आदळले होते. अशा टकरीत सोन्या-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं घडतात, याचा भक्कम पुरावा त्या उजेडात मिळाला. भारतातून आणखी एक कान लागला, तर अशा जागा अधिक अचूक सापडतील.

हे यंत्र भलतंच हळवं असतं. लिव्हिंग्स्टनला लाकूडतोडीचा आणि आगगाडीचा त्रास होतो. हॅनफर्डला तर डोमकावळे केंद्रातल्या एका नळीवरचा बर्फ टोचत होते, तेही नोंदींत उमटलं! आपल्याकडे वसमत-कळमनुरी भागात अधूनमधून भूकंपाचे सौम्य धक्के बसतात. ते कुणाच्या हातात नाहीत. खडी क्रशर, सुरुंग आणि जड वाहतूक मात्र आहेत. केंद्रापासून किती अंतरावर यांना मनाई राहणार आणि ज्यांचा धंदा त्यामुळे हलेल त्यांचं काय, हे आपल्या वार्ताहराने जिल्हा प्रशासनाला विचारावं आणि उत्तर छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, हिंगोली