सीडीवर गोल चरे पाडणारा लॅपटॉपचा ड्राइव्ह आणि पुस्तिकेतील तोकड्या सूचना यांबाबत तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
लॅपटॉप विभाग

प्रेषक : ध्वनिसंग्रह विभाग, सार्वजनिक वाचनालय, फोंडा तालुका, गोवा

संदर्भ : आपल्या अधिकृत सेवा केंद्राने दिलेला तपासणी अहवाल

महोदय,

आमच्या वाचनालयाकडे गावोगावच्या उत्सवी नाटकांची, भजनांची आणि घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांची ध्वनिमुद्रणे सीडीवर आहेत. त्यांतल्या बऱ्याच सीड्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. त्या संगणकावर उतरवून घेण्यासाठी आपल्या कंपनीचा डीव्हीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप घेतला. हा ड्राइव्ह सीडीच्या वाचायच्या बाजूवर गोल चरा पाडतो. वॉरंटी चालू असताना लॅपटॉप सेवा केंद्रात दिला, तर 'ड्राइव्ह निर्दोष, डिस्क ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे खराब, वॉरंटी लागू नाही' असा शेरा मारून तो परत आला. हा शेरा आम्हांला मान्य नाही.

ओरखडा कुठून आला हे डिस्कच सांगते, फक्त बघणाऱ्याने उजेडात तिरपी धरून बघायला हवी. हाताळणीत पडलेले ओरखडे वेडेवाकडे असतात : काही आडवे, काही तिरके, कडेला जास्त. कव्हरमधून सरकवताना पडलेले बहुधा सरळ रेषेत असतात. पण मध्यापासून सगळीकडे सारख्या अंतरावर, पूर्ण वर्तुळात चरा असेल तर तो डिस्क फिरत असतानाच पडलेला असतो. माणसाच्या हाताने असे वर्तुळ काढता येत नाही.

फिरत्या डिस्कवर चरा पडायची कारणेही मोजकीच आहेत. चालू लॅपटॉप उचलला किंवा तिरपा केला तर डिस्क डगमगते आणि ती वाचणाऱ्या लेन्सच्या चौकटीला घासते. लेन्स त्या क्षणी जिथे असेल तिथे चरा पडतो, म्हणून प्रत्येक डिस्कवर जागा वेगळी येते. डिस्क मधल्या चकतीवर नीट बसली नसेल तर ती लटपटते आणि बहुधा बाहेरची कड घासली जाते. ड्राइव्हचा वरचा पत्रा दबला असेल तर छापील बाजू खरवडते. आमच्या सगळ्या खराब सीड्यांवर मात्र चरा एकाच जागी आहे : वाचायच्या बाजूला, मध्यबिंदूपासून ४१ मिलिमीटरवर. प्रत्येक डिस्कवर तीच जागा म्हटल्यावर घासणारी वस्तू ट्रेमध्ये पक्की बसलेली आहे, हे उघड आहे.

ती वस्तूही सापडली आहे. ट्रे बाहेर काढून विजेरी आडवी धरली की लेन्स सरकण्याच्या खाचेजवळ पत्र्याची एक कड किंचित वर उचललेली दिसते. तिचे मध्यापासूनचे अंतर ४१ मिलिमीटरच भरते. खात्रीसाठी नवी कोरी सीडी घातली, लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला आणि त्याला हात न लावता ती चालू दिली. बाहेर काढल्यावर त्याच जागी चरा. हीच चाचणी आपल्या तंत्रज्ञांनी करून पाहावी, पाच मिनिटांचे काम आहे.

आणखी एक पुरावा सीड्यांच्या आवाजातच आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते. ध्वनी २५ मिलिमीटर त्रिज्येपासून सुरू होतो आणि पूर्ण भरलेल्या सीडीवर ५८ मिलिमीटरपर्यंत जातो. या हिशेबाने ४१ मिलिमीटरवरचा चरा ७४ मिनिटांच्या सीडीत अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या मिनिटाच्या आसपास यायला हवा आणि ८० मिनिटांच्या सीडीत एकतिसाव्याच्या आसपास. आमच्या सीड्या नेमक्या तिथेच अडखळतात. नाटक कुठलेही असो, भजनी मेळ कुठलाही असो, अर्ध्या तासाला सगळे अडखळतात.

गोल चरा इतर ओरखड्यांपेक्षा घातक का, हेही आपल्या केंद्राला माहीत नसावे असे अहवालावरून वाटते. सीडीतील चूक दुरुस्त करण्याची पद्धत सलग सुमारे ४००० बिट गेले तरी ते पुन्हा उभे करू शकते. डिस्कवर हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. मध्याकडून कडेकडे जाणारा आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत माहितीची रेघ फक्त क्षणभर कापतो, म्हणून तो बहुतेक वेळा पचतो. ही रेघ डिस्कवर गोल गोल फिरत जाते, म्हणून गोल चरा तिच्याच दिशेने धावतो आणि लेन्सचा माग सुटतो. डिस्क मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये, असे सांगतात ते यासाठीच. आपल्या पुस्तिकेत 'डिस्क मऊ कापडाने पुसा' एवढेच आहे. कुठल्या दिशेने, ते नाही.

आता सेवा केंद्राबद्दल. तिथल्या तंत्रज्ञाने ड्राइव्हचे वरचे झाकण काढले, ट्रे बंद असल्याचे ओळखणारा छोटा स्विच बोटाने दाबून धरला आणि लेन्स चालू होते का, हे वाकून पाहिले. ड्राइव्हवर 'वर्ग १ लेसर' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ झाकण बंद असताना सुरक्षित, इतकाच. आतला किरण त्यापेक्षा बराच तीव्र असतो. सीडीसाठी वापरला जाणारा ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटून डोळा वाचण्याची शक्यता राहत नाही. त्या मुलाला कुणी हे शिकवलेले दिसत नाही. तो दोष आम्ही त्याच्यावर ठेवत नाही.

आपल्या दूरध्वनी मदत केंद्राने दिलेले दोन सल्लेही लेखी नोंदवतो. डिस्क अडकली तेव्हा 'लॅपटॉप चालू ठेवून ट्रेच्या पुढच्या पट्टीवरील छिद्रात टाचणी खुपसा' असे सांगण्यात आले. तसे केले असते तर फिरत्या डिस्कसकट ट्रे सुटला असता. लॅपटॉपच्या पातळ म्हणजे स्लिम ड्राइव्हमध्ये सीडी ऐकण्याच्या नेहमीच्या वेगाच्या कमाल २४ पट वेगाने वाचली जाते, म्हणजे मिनिटाला पाच हजारांच्या जवळपास फेऱ्या. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, अडॅप्टर काढावा, डिस्क थांबेपर्यंत मिनिटभर थांबावे. मग पेपरक्लिपची सरळ केलेली तार छिद्रात काटकोनात, अजिबात तिरकी न करता घालावी. अडथळा लागला की हलका दाब द्यावा, ट्रे थोडासा पुढे येतो. पुढचा ओढायचा तो हाताने, सावकाश. टाचणी यासाठी बारीक पडते, निसटून आतल्या खटक्याशेजारी जाते.

दुसरा सल्ला ब्रश असलेली सफाई सीडी चालवण्याचा. लॅपटॉपच्या ड्राइव्हची लेन्स चार अतिशय बारीक तारांवर तरंगती असते, आणि स्लिम ड्राइव्हमध्ये डिस्क व लेन्स यांच्यात जागाच कमी. ब्रशचा फटकारा तिला सोसेलच असे नाही. शिवाय लेन्स ट्रेवरच असल्याने ट्रे उघडला की ती समोर दिसते. हवेच्या छोट्या फुग्याने धूळ उडवावी. तेवढ्याने भागले नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने, दाब न देता, एकदा पुसावे आणि वाळू द्यावे. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे शिंतोडे लेन्सवर बसतात.

पुस्तिकेकडे वळतो. डीव्हीडीचा प्रदेश कोड (कोणत्या देशांतल्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा क्रमांक) पाचच वेळा बदलता येतो, यावर तिथे अर्धे पान खर्च केले आहे. डिस्क घालायची कशी, यावर एक ओळ : 'डिस्क ट्रेवर ठेवा आणि ट्रे बंद करा.' टेबलावरच्या मोठ्या संगणकाच्या ड्राइव्हला ही ओळ चालते, कारण तिथे डिस्क खोलगट ताटलीत ठेवली की आतील यंत्रणा ती पकडते. लॅपटॉपच्या ट्रेवर तसे होत नाही. तिथे मधल्या चकतीला तीन स्प्रिंगचे दात असतात आणि डिस्क त्यांच्यावर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवावी लागते. नुसती ठेवून ट्रे लोटला तर ती आत लटपटते. दाबताना दुसऱ्या हाताची बोटे ट्रेखाली आधाराला असावीत, कारण बाहेर आलेला ट्रे एकाच बाजूने धरलेला असतो आणि वरून दाब पडला की त्याच्या पट्ट्या वाकतात. काढताना अंगठा चकतीवर ठेवून बोटांनी कड उचलावी. कड धरून ओढली तर डिस्क मध्याशी वाकते आणि आतल्या भोकापासून बारीक तडे सुरू होतात. असा तडा गेलेली डिस्क पुन्हा ड्राइव्हमध्ये घालू नये, वेगात तिचे तुकडे होऊ शकतात. ट्रे बंद करताना पुढच्या पट्टीच्या मधोमध लोटावे, कोपऱ्याने नव्हे.

कागदी गोल लेबलांचा उल्लेखही पुस्तिकेत नाही. ते जरासे एका बाजूला चिकटले तरी डिस्कचा तोल जातो आणि उष्णतेने सुटून आत गुंडाळले तर ड्राइव्ह उघडूनच काढावे लागते. नाव लिहायचे तर मऊ टोकाच्या मार्करने. बॉलपेनने नको, कारण सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. खालचा १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचा भाग घासला तर पॉलिश करून काही वेळा सुधारता येतो. वरचा थर खरवडला गेला की तिथली माहिती कायमची गेली.

सर्वांत मोठी उणीव दमट हवेबद्दल आहे. पुस्तिकेत 'आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत, दव न धरता' असे छापले आहे. दव धरू नये म्हणून माणसाने करायचे काय, ते सांगितलेले नाही. गोव्यात जुलैत तापमान २७-२८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, २५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २२ अंशांवर ठेवलेल्या वातानुकूलित खोलीतून लॅपटॉप बाहेर काढला की डिस्कवर आणि लेन्सवर दव धरणारच, मग बाहेर पाऊस असो वा नसो. लॅपटॉप आणि सीड्या बंद पिशवीतच राहू द्याव्यात, पिशवीसकट बाहेरच्या तापमानाला येऊ द्याव्यात, साधारण तास-दीड तास. त्यानंतरच पिशवी उघडावी. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास भजनांच्या सीड्या काढणाऱ्या प्रत्येक घराला ही सूचना लागू आहे. बुरशी आलेली सीडी तर तशीच कधीच घालू नये. आधी पाणी आणि सौम्य साबणाने धुवावी, मध्याकडून कडेकडे टिपावी, पूर्ण वाळू द्यावी. ओल ड्राइव्हमध्ये गेली की लॅपटॉपच्या उष्णतेने ती लेन्सवर जाऊन बसते.

यावर आपल्याकडून पुढील गोष्टी अपेक्षित आहेत. सदोष ड्राइव्ह विनामूल्य बदलून मिळावा. जागेवर त्याच जाडीचा, म्हणजे ९.५ मिलिमीटरचाच बसतो, १२.७ मिलिमीटरचा आणून, तो बसत नाही म्हणून 'सुटा भाग उपलब्ध नाही' हे उत्तर नको. नवा ड्राइव्ह आमच्यासमोर कोऱ्या सीडीवर तपासून द्यावा. अहवालातील 'निष्काळजीपणा' हा शेरा लेखी मागे घ्यावा. चरा पडलेल्या सीड्या पॉलिश करून घेण्याचा खर्च कंपनीने सोसावा, पावत्या आम्ही देऊ. आणि या मॉडेलबरोबर मराठी व कोकणीतून एक पानी सूचनापत्रक द्यावे. त्यातला मजकूर वर लिहिलाच आहे, हवा तर तसाच उचलावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम ८४ आपल्या विधी विभागाच्या परिचयाचे असेलच. उत्पादनात निर्मितीदोष असेल, किंवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना आणि चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिलेला नसेल, तर उत्पादकावर दायित्व येते. या कायद्यात 'हानी' म्हणजे उत्पादनाशिवायच्या इतर मालमत्तेचे नुकसानही धरले आहे. सीड्या लॅपटॉपचा भाग नाहीत, त्या आमच्या आहेत. वाचनालय हे काम नफ्यासाठी करत नाही, त्यामुळे 'व्यावसायिक वापर' हा बचावही इथे लागू होणार नाही. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तिथे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

चरा पडलेल्या सीड्यांची छायाचित्रे पट्टीसह जोडली आहेत. चाचणीची कोरी सीडी, खरेदीच्या पावतीची प्रत आणि अहवालाची प्रतही सोबत आहे. ड्राइव्ह बदलून मिळेपर्यंत लॅपटॉप डिस्कविना वापरात राहील. ट्रे टेपने बंद केला आहे, तपासणीला येणाऱ्या तंत्रज्ञाने टेप आधी काढावी.

कळावे,

आपले,
ध्वनिसंग्रह विभागाचे कार्यकर्ते
सार्वजनिक वाचनालय, फोंडा तालुका, गोवा