पडदा ओढून घेणाऱ्या गादीवाल्या काकांना

काका, स. न. वि. वि.

गादी घरी पोचली, पैसे चुकते झाले, म्हणजे व्यवहार संपला. आभार तेवढे राहिले. ते दुकानातच मानले असते तर ‘अहो, धंदाच आहे आमचा’ म्हणून तुम्ही उडवून लावले असते, म्हणून हे जाहीर पत्र. दोन माणसांनी मिळून झोपायची गादी कशी निवडतात, हे चिपळूणच्या एका गादी कारखान्यात कळलं. एका भिंतीला सावरीच्या कापसाची पोती, दुसऱ्या भिंतीला केरळहून आलेले लॅटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेले थर. मोठ्या शहरातल्या काचेच्या शोरूममध्ये ते कळलं नव्हतं.

त्या शोरूमबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. एसी गारेगार, विकणारा मुलगा टायमध्ये, आणि प्रत्येक गादी ‘ऑर्थो’. हा शब्द कव्हरवर छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही, हे तुम्ही हसत सांगितलंत. वर ‘पाठीला कडक गादीच बरी’ हा आपल्याकडचा जुना समज त्यांच्या पथ्यावरच पडतो. खरं तर 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या कंबरदुखीच्या 313 रुग्णांवरचा प्रयोग छापून आला होता. त्यात 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची दुखणी अगदी कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त कमी झाली होती. शोरूममध्ये हे कुणी सांगितलं नाही. ‘ऑफर आजच्यापुरतीच, दोन उशा फ्री’ हे मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं.

तुम्ही आधी एकच विचारलंत: कोण कसं झोपतं? मग वजनं. एकजण नव्वद किलोचा, उताणा झोपणारा. दुसरी चोपन्न किलोची, कुशीवर झोपणारी. ‘मग दोघांना एक गादी कशी चालेल?’ असं म्हणून तुम्ही थेट कामालाच लागलात.

बाकी सगळं विसरू, पण त्यानंतर तुम्ही जे केलंत ते नाही. तुम्ही म्हणालात, ‘दोघांनी झोपून बघायचं. घरी झोपता तसंच.’ आता भर दुकानात, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत नवरा-बायको कसे आडवे होणार? आपल्याकडची जोडपी गादी घेतात ती काठावर बसून, तळव्यानं दोनदा दाबून, जास्तीत जास्त कोपर टेकून. पुढची दहा वर्षं ज्यावर झोपायचं, त्याची परीक्षा एवढीच. शोरूममधला मुलगा तर शेजारी उभा राहून ‘कसं वाटतंय सर?’ विचारत होता. तुम्ही काही न बोलता मागच्या भागाचा पडदा ओढून घेतलात, पंखा लावलात, घरी उशी किती जाड असते ते विचारून तेवढ्याच जाडीच्या दोन उशा आणून ठेवल्यात आणि बाहेर जाऊन बसलात. थोड्या वेळानं कुणी गिऱ्हाईक आलं, त्याला तुम्ही ‘आत माप चाललंय, जरा थांबा’ म्हणालात, ते ऐकू आलं. काका, हे ‘माप’ कुठल्याच शोरूममध्ये घेतलं जात नाही.

आणि ते तसंच घ्यावं लागतं. पहिल्या मिनिटाला कुठलीही मऊ गादी सुखाची वाटते. खांदा दुखायला लागतो किंवा हाताला मुंग्या येतात त्या दहाव्या-बाराव्या मिनिटाला. म्हणून पंधरा मिनिटं. उताणं झोपल्यावर कमरेखाली हात सरकवून बघायचा. सहज आरपार गेला आणि वर पोकळी उरली तर गादी कडक. हात शिरतच नाही आणि ढुंगण खाली गेलंय, तर मऊ. किंचित अडत गेला तर बरोबर. कुशीवर झोपणाऱ्याचं दुसऱ्यानं उभं राहून बघायचं: नाक, छातीचं हाड आणि बेंबी एका रेषेत हवीत. खांदा आत गेला नाही तर मान वाकडी होते, आणि लोक दोष उशीला देतात. शेवटी एकानं डोळे मिटून पडायचं आणि दुसऱ्यानं कूस बदलायची, काठावरून उठायचं, परत यायचं. पडलेल्याला हादरा किती बसतो, ते त्यालाच विचारायचं. हे सगळं पडद्याआड झालं म्हणून नीट झालं.

पडदा उघडल्यावर तुम्ही नमुन्याच्या गादीच्या कव्हरची चेन उघडलीत. ज्या गादीला चेन नाही तिच्या पोटात काय आहे ते देव जाणे, हे तुमचं वाक्य लक्षात आहे. लॅटेक्स म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाद्यांत वर एक इंच लॅटेक्स असतं आणि खाली रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून केलेला ठोकळा. तुमच्याकडचे थर डनलॉप पद्धतीचे होते. रबराच्या चिकाला फेस आणून साच्यात ओततात आणि वाफेवर धरवतात. इडलीसारखंच, म्हणालात तुम्ही. आरपार दिसणारी भोकं साच्यातल्या दांड्यांची. त्यांच्यामुळे उष्णता आतपर्यंत पोचते आणि पुढे हवाही खेळते.

मग तुम्ही कापूस तोलायचा काटा पुढे ओढलात. ही युक्ती प्रत्येक गिऱ्हाइकानं पाठ करावी अशी आहे. 78 बाय 72 इंचाची, 6 इंच जाडीची गादी म्हणजे साधारण 0.55 घनमीटर. डनलॉप लॅटेक्सची घनता घनमीटरला 80 किलोच्या आसपास धरली तर अख्खी गादी 44 किलोच्या घरात जायला हवी. ‘शंभर टक्के लॅटेक्स’ म्हणून तेवढीच गादी कुणी 25-28 किलोची देत असेल, तर आत हलका फोम आहे. टॅलाले या दुसऱ्या पद्धतीचं लॅटेक्स थोडं हलकं असतं, पण ते महागही असतं, आणि तसं असेल तर विकणारा ते आपणहून ओरडून सांगतो. तुम्ही एकेक थर तोलून आकडे पावतीवर लिहून दिलेत. असं कोण करतं हो?

दोन वजनांचा पेचही तुम्ही थरांतच सोडवलात. घनता जास्त तेवढा थर घट्ट. खाली 4 इंचाचा अखंड थर, 85 घनतेचा. वर 2 इंचाचे दोन वेगळे तुकडे, 78 बाय 36 चे: एक 80 चा, एक 65 चा. सगळं एकाच कव्हरमध्ये. हलकं माणूस गादीत खोल जातच नाही. त्याच्या खांद्याला जागा मिळायची ती वरच्या दोन इंचांतच, म्हणून तिकडे मऊ. जड माणूस वरचा थर दाबून खालच्यावर टेकतो, म्हणून त्याच्या बाजूला वरूनच घट्ट. जाडी दोन्हीकडे सारखी, त्यामुळे मध्ये पायरी येत नाही. कव्हर मात्र ताणणाऱ्या विणीचंच हवं. जाड शिवणीचं, ताठ कव्हर घातलं की खालचं लॅटेक्स कितीही चांगलं असो, अंग त्या कापडावरच तोललं जातं.

हायब्रिड, म्हणजे खाली स्प्रिंगा आणि वर लॅटेक्स असलेली गादी, विकण्यात तुमचा फायदा जास्त असेल-नसेल, मला ठाऊक नाही. पण तिच्याबद्दल तुम्ही दोन्ही बाजू सांगितल्यात. पॉकेट स्प्रिंगची असेल तरच घ्यायची, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत. तारेनं एकमेकींना बांधलेल्या बोनेल स्प्रिंगा असतील तर एक वळला की दुसरा जागा. वर लॅटेक्स निदान दोन इंच. काठाला घट्ट स्प्रिंगा असतील तर काठावर बसून उठणाऱ्यांना, गुडघे दुखणाऱ्यांना बरी पडते, आणि हवा छान खेळते. पण थर बहुतेक चिकटवलेले असतात. वरचं बसलं की अख्खी गादी गेली. चेनवाल्या गादीत फक्त तो दोन इंचांचा तुकडा बदलायचा. शिवाय कोकणातला पाऊस आणि स्प्रिंगची तार. पुढचं तुम्ही बोललाच नाहीत.

पलंगाचं तर कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारलंत. सामान ठेवायचा पेटीचा पलंग, वर सलग प्लाय, म्हणजे जून ते सप्टेंबर गादीखाली ओल धरून बुरशी येणारच. प्लायला सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्यायला सांगितलंत. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा जास्त फट नको. हायड्रॉलिक पलंग असेल तर त्याचा पंप 45 किलोची गादी उचलतो का ते आधी बघायचं, नाहीतर पलंग उघडतानाच कंबर जायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आमच्या आईच्या गळी अजून न उतरलेलं: लॅटेक्सला ऊन दाखवायचं नाही. कापसाच्या गादीला उन्हानं जीव येतो, लॅटेक्स उन्हात पिवळं पडून चुरायला लागतं. दर तीन महिन्यांनी प्रत्येक थर आपापल्या जागीच फिरवून डोक्याची बाजू पायाकडे करायची, उचलताना थर कोपऱ्याला धरून ओढायचा नाही, नाहीतर फाटतो. रबराच्या हातमोज्यांनी खाज किंवा पुरळ उठत असेल त्यानं लॅटेक्सच्या वाटेला जाऊ नये, हेही तुम्ही विकण्याआधी विचारलंत, नंतर नाही.

सभ्यपणा हा काही गादीसोबत फुकट मिळणाऱ्या उशांसारखा जाहिरातीत येत नाही. पण गिऱ्हाइकाला संकोच वाटणार हे त्यानं बोलायच्या आधी ओळखणं, आणि त्याबद्दल एक शब्दही न काढता व्यवस्था करणं, याला दुकानदारी येऊन भागत नाही. तुमच्या शेजारचे चहावाले म्हणाले, ‘काका सगळ्यांशीच असे.’ त्यावर विश्वास बसला.

एक काम आहे. नणंद आणि तिचे यजमान पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतील. पलंग जुना शिसवी आहे, लांबी 72 की 75 यावर घरात वाद आहे, म्हणून चौकटीच्या आतून, तीन ठिकाणी टेप लावून माप आणायला सांगितलंय. भावजींचं वजन शंभराच्या वर आहे आणि ते काठावर बसूनच मोजे घालतात. तेव्हा त्यांना हायब्रिडही दाखवा.

आपलं एक गिऱ्हाईक जोडपं