पायपेटीसाठी आवाहन : गावकरी व बाहेरगावी असलेल्या मंडळींस

सस्नेह नमस्कार.

मंडई (गावची जत्रा) दीड महिन्यावर आली आणि आपल्या मंडळाचा ऑर्गन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची पायपेटी, देवळाच्या पडवीत मुकी पडून आहे. भाता उंदरांनी कुरतडला. मधल्या सप्तकातले पाच सूर उठत नाहीत आणि काळी चार दाबली की दबलेलीच राहते. गेल्या हंगामात शेवटच्या नाटकाला पेटीवाल्या काकांनी एका हाताने ती पट्टी उचलत दुसऱ्या हाताने नांदी निभावली. पुढच्या सतरंजीवर बसलेल्यांनी ते पाहिले आहे.

ही पेटी आजोबांच्या पिढीने वडशाहून बैलबंडीत तणसावर ठेवून आणली. तेव्हा पाटीलवाड्यातल्या आजींनी दोन खंडी धान दिले. किराणावाल्या भाऊंच्या वडिलांनी उरलेली उधारी कधी मागितलीच नाही, वर दर मंडईला गॅसबत्तीचे रॉकेल त्यांचेच. सुतारदादांनी सागाचा खोका फुकट करून दिला, तो अजून ठणठणीत आहे. गुरुजी बदली होऊन गेले तरी तालमीला सायकलने येत, आणि चहासुद्धा घरूनच पिऊन येत. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये असोत की रातभराचे नाटक, आपल्या गावाने रेकॉर्ड लावून गाणे कधी ऐकवले नाही. 2014 साली शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, बंदी आली, दिवसाचा पट गेला तशी रात्रीच्या नाटकाची गर्दीही ओसरली. तेव्हासुद्धा मंडळाने भजनाच्या निमित्ताने पेटी वाजती ठेवली. 2023 मध्ये आपल्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या चावडीवर पेढे वाटले गेले ते काही उगाच नाही.

आता नावाचे. पेपरवाले आपल्या रंगभूमीला ‘झाडीवूड’ म्हणतात. गेल्या साली एका दात्याने बॅनर दिला, त्यांचे आभारच, पण त्यावर हेच नाव होते. शेवटी कागद चिकटवावा लागला. वूड म्हणजे तरी लाकूडच ना बाप्पा, मग झाडीला पुन्हा लाकूड कशाला जोडता? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीपासून होळीपर्यंत नट समोर उभा राहून गातो, वन्स मोअर आला की पुन्हा गातो. त्याला झाडीपट्टी म्हणा, पुरे आहे. देणगीदारांनी फलकावर तेवढेच लिहावे.

थोडे मनातले. मागच्या वर्षी नागपूर-पुण्याकडे नोकरीला असलेल्या बऱ्याच जणांना निरोप पाठवले. तिघांनी पैसे पाठवले, बाकीच्यांनी मोबाईलवर हात जोडल्याचे चित्र. मंडईच्या रात्री मात्र पुढच्या खुर्च्या त्यांनाच हव्या होत्या. दिल्या. राग नाही, पण लक्षात आहे.

खर्च : भाता व सूर 22 हजार, नवा तबला-डग्गा 8 हजार, नेण्या-आणण्याचे भाडे 3 हजार, एकूण 33 हजार. जमा 6 हजार 400. रोख कोषाध्यक्षांकडे द्यावी, पावती घ्यावीच. धान निघाल्यावर देणाऱ्यांनी आता निदान वहीत नाव घालावे, पायलीभर धानही चालेल. वही देवळात, संध्याकाळी आरतीनंतर. ऑनलाइन पाठवणाऱ्यांनी मंडळाच्या खात्यावरच पाठवावे, कोणाच्या खाजगी नंबरवर नको (मागे घोळ झाला होता). पेटी घेऊन गाडी सोमवारी पहाटे नागपूरला निघेल. चढवायला चार पोरे लागतील.

आपला,
सचिव