सोलर पॅनेल बसवण्याआधी एक नोंदवही उघडण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)

दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

विषय : गच्चीवरील प्रस्तावित ४० किलोवॉटचा सौर प्रकल्प आणि यापूर्वी बंद पडलेल्या प्रकल्पांच्या कारणांची नोंद.

माननीय अध्यक्ष महोदय,

गच्चीवर ४० किलोवॉटची सोलर यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव सप्टेंबरातील वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाणार असल्याचे सूचना फलकावरील परिपत्रकावरून समजले. या प्रस्तावाला माझा विरोध नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो, कारण मागील सभेत मी एक साधा प्रश्न विचारताच ‘काका, तुम्हाला नकोच आहे का?’ असे मला विचारले गेले होते. मला पॅनेल हवी आहेत. ती सहा वर्षांनीही चालू असावीत एवढेच माझे म्हणणे आहे, आणि आपल्या संस्थेचा आजवरचा अनुभव पाहता त्याची खात्री मला आज देता येत नाही.

आपण एकदा वेळ काढून माझ्यासोबत बी विंगच्या गच्चीवर यावे. तेथे सौर बंबाच्या दोन टाक्या आहेत. इमारत उभी राहिली तेव्हा परवानगीची अट म्हणून बिल्डरने त्या बसवल्या होत्या आणि पहिली काही वर्षे प्रत्येक घराच्या एका न्हाणीघरात त्यांचे गरम पाणी येत असे. पुढे टँकरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचले, एका वर्षी सातव्या मजल्यावर गळती झाली, प्लंबरने एक व्हॉल्व्ह बंद केला आणि तो आजतागायत बंदच आहे. तो व्हॉल्व्ह नेमका कोणता, हे आज इमारतीत कोणालाही सांगता येत नाही. टाक्या कबुतरांच्या ताब्यात आहेत. खाली पार्किंगलगत पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचा खड्डा होता. २०१९ मध्ये पेव्हर ब्लॉक बसवताना त्याचे झाकणच ब्लॉकखाली गेले. ठाण्यात वर्षाला २,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने १,००० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला २० लाख लिटर पाणी पडते, म्हणजे १०,००० लिटरचे २०० टँकर. ते आपण गटारात सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन करतो. असो.

मला सविस्तर लिहायचे आहे ते तिसऱ्या प्रकल्पाविषयी, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या खताविषयी, कारण त्याचा शेवट मी स्वतः पाहिला आहे.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार दररोज सरासरी १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संस्था मोठ्या कचरा उत्पादकांत मोडतात आणि त्यांनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा अशी अपेक्षा आहे. १६८ सदनिकांची आपली संस्था त्यात येतेच. त्यामुळे २०१८ मध्ये आपण आधी एक मशीन घेतले. त्यात नारळाची करवंटी आणि बहुधा एक स्टीलचा चमचा गेल्याने मोटर जळाली आणि ते मशीन जिन्याखाली गेले. २०२१ मध्ये तत्कालीन सचिवांनी हवेसाठी भोके पाडलेले आठ ड्रम आणून दुसरा प्रयत्न केला आणि तो खरोखर यशस्वी झाला. जवळपास दीड वर्ष आपल्या बागेला विकतचे खत लागले नाही. ड्रमजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागत नव्हता, हे आपल्यालाही आठवत असेल.

त्यानंतर सचिवांनी घर विकले आणि ते पुण्याला गेले. काही महिन्यांत समितीची मुदत संपून नवी समिती आली. नव्या खजिनदारांनी हिशेब तपासताना दरमहा ‘भुसा’ या नावाने पडणारा खर्च पाहिला, तो कशासाठी आहे हे कोणालाच सांगता आले नाही आणि त्यांनी तो बंद केला. यात त्यांची चूक होती असे मला वाटत नाही. माझ्या हाती हिशेबाची वही असती तर मीही तेच केले असते. परंतु स्वयंपाकघरातला ओला कचरा स्वतःच पाण्याने भरलेला असतो. त्यात भुसा किंवा वाळलेला पाला मिसळला नाही तर ओलावा शोषला जात नाही, थरांमधली हवा संपते आणि कचरा कुजून खत होण्याऐवजी सडू लागतो. भुसा बंद झाला तो जून महिन्यात. तीन आठवड्यांत ड्रमच्या तळातून काळे पाणी वाहू लागले, अळ्या बाहेर आल्या, ए विंगच्या तळमजल्यावरील सभासदांनी लेखी तक्रार केली आणि ड्रम भंगारात गेले. त्या महिन्याच्या सभेच्या इतिवृत्तात एकच ओळ आहे : ‘दुर्गंधीमुळे कंपोस्ट प्रकल्प बंद करण्यात आला.’

महोदय, माझी तक्रार या ओळीविषयी आहे. दुर्गंधी हे लक्षण होते, भुसा बंद होणे हे कारण होते आणि त्याहून खोलवरचे कारण असे की भुसा का लागतो ही माहिती एका माणसाच्या डोक्यात होती आणि ती त्याच्याबरोबर पुण्याला गेली. इतिवृत्त वाचणारा पुढचा माणूस मात्र एवढेच शिकेल की सोसायटीत खत केले की वास येतो. खरे तर तो तेच शिकला आहे. मागील सभेत कंपोस्टचा विषय निघताच तीन-चार सभासदांनी एका सुरात ‘ते आपल्याकडे चालत नाही’ असे सांगितले. प्रकल्प अपयशी ठरल्याने संस्थेचे जेवढे नुकसान झाले, त्याहून अधिक नुकसान त्यातून चुकीचा धडा पक्का झाल्याने झाले आहे.

ही माहिती आणखी एका व्यक्तीकडे होती आणि तिला कोणी विचारले नाही. सफाईचे काम करणाऱ्या ज्या मावशी रोज ते ड्रम ढवळत असत, त्यांनी ‘भुसा संपलाय, पाणी सुटतंय’ असे सुपरवायझरला दोनदा सांगितले होते. सुपरवायझर कंत्राटदाराचा माणूस. त्याने ते समितीपर्यंत पोहोचवले नाही. मागच्या आठवड्यात मी मावशींशी बोललो तेव्हा त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी तत्कालीन सचिवांनाही सुचली नव्हती. आपल्या आवारातल्या बदामांचा पाला हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पोत्यांनी गळतो आणि आपण तो कचऱ्याच्या गाडीत घालतो. तो भरून कोरडा ठेवला तर पावसाळ्यात भुसा विकत आणण्याची गरजच पडणार नाही. ज्या खर्चावर प्रकल्प बुडाला, तो खर्च टाळता येण्यासारखा होता आणि त्याचे उत्तर आपल्या झाडांखालीच पडलेले होते.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात ३१ वर्षे देखभाल विभागात काम केले. तेथे पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज दिल्याखेरीज गेटबाहेर पडत नसे आणि चार्ज म्हणजे केवळ किल्ल्या नव्हेत. कोणत्या पंपाचा आवाज बदलला आहे, कोणता व्हॉल्व्ह तात्पुरता बंद ठेवला आहे आणि तो का, हे रजिस्टरमध्ये लिहून खाली सही करावी लागे. ‘का’ हा रकाना रिकामा दिसला की आमचे साहेब रजिस्टर परत पाठवत. आपल्या संस्थेतही जुनी समिती नव्या समितीला चार्ज देतेच. पण त्यात चेकबुक, शिक्के, सभासदांची आय आणि जे रजिस्टर, कपाटाच्या किल्ल्या आणि मुदत ठेवींच्या पावत्या असतात. भुशाची पावती त्यात असते, भुशाचे कारण नसते.

आता सौर प्रकल्पाकडे वळतो. पॅनेलच्या कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची असते. समितीची मुदत ५ वर्षांची आहे. म्हणजे हा प्रकल्प किमान पाच समित्यांच्या हातातून जाणार आहे आणि त्याचा इन्व्हर्टर निम्म्या वाटेवर, ज्यांनी तो निवडला नाही अशा लोकांना बदलावा लागणार आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, त्यानुसार आपल्याला ७ लाख २० हजार मिळू शकतील. ही रक्कम परिपत्रकात ठळक अक्षरांत छापली आहे. पॅनेल कोण धुणार, किती दिवसांनी आणि कोणत्या पाण्याने, याचा मात्र त्यात उल्लेख नाही. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोची आणि इमारतींची कामे चालू असताना आपल्या बाल्कनीच्या कठड्यावर दोन दिवसांत किती धूळ बसते, हे मी आपल्याला सांगायला नको. तीच धूळ पॅनेलवर बसणार आहे आणि टँकरच्या जड पाण्याने ती धुतली तर क्षारांचे डाग उरणार आहेत. सौर बंब याच पाण्याने मेला, ही गोष्ट कुठेतरी लिहिलेली असती तर कोटेशन मागवताना हा प्रश्न आपोआप विचारला गेला असता.

दुसरी बाब सावलीची. एजन्सीच्या माणसांनी गच्चीची पाहणी मेच्या मध्यावर केली. त्या दिवसांत ठाण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावलीसुद्धा जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे अहवालात गच्ची ‘सावलीमुक्त’ ठरली यात नवल नाही. डिसेंबरात मात्र माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर येतो. बी विंगच्या दक्षिणेला जो टॉवर उभा राहत आहे, तो पूर्ण झाल्यावर आपल्या गच्चीच्या वर आणखी ६० मीटर गेला असे धरले, तर हिवाळ्यात दुपारी बारा वाजता त्याची सावली गच्चीच्या पातळीवर सुमारे ५५ मीटर लांब पडेल. मधले अंतर ३० मीटरही नाही. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे ४० किलोवॉटचे १६० युनिट, हे कोटेशनमधील गणित मोकळ्या गच्चीसाठी ठीक आहे. बी विंगसाठी ते तसेच धरणे मला धोक्याचे वाटते. माझे गणित चुकत असेल तर मला आनंदच होईल, परंतु डिसेंबरातल्या सावलीचा नकाशा एजन्सीकडून लेखी घ्यावा आणि तोपर्यंत पॅनेल सी आणि डी विंगपुरती मर्यादित ठेवावीत.

या संदर्भात मला हिवरे बाजारचे उदाहरण द्यावेसे वाटते. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर त्या गावाने बांध घातले, झाडे लावली, शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी आणली, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु बांध अनेक गावांनी घातले आणि ते गाळाने भरूनही गेले. मला महत्त्वाचे वाटते ते असे की हिवरे बाजारात पाऊस मोजला जातो, गावात पाणी किती आहे याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे त्यावरून ठरते. आकडा दरवर्षी सगळ्यांच्या समोर येतो. त्यामुळे कारण कोणा एकाच्या डोक्यात राहत नाही. ते गावाच्या तोंडी असते. आपल्या वार्षिक सभेत आपण पार्किंगवर दीड तास बोलतो. त्यातली पंधरा मिनिटे किती युनिट वीज तयार झाली, किती टँकर आले आणि किती किलो कचरा बाहेर गेला यासाठी देता येतील.

म्हणून माझी विनंती अशी की सौर प्रकल्पाच्या करारावर सही करण्यापूर्वी समितीने एक नोंदवही उघडावी आणि तिच्या पहिल्या पानांवर सौर बंब, मुरवण्याचा खड्डा आणि कंपोस्ट हे तीन प्रकल्प कसे चालू झाले आणि का बंद पडले, हे संबंधितांना विचारून लिहून काढावे. पुण्यातील माजी सचिवांशी मी फोनवर बोललो आहे; ते तासभर वेळ द्यायला तयार आहेत. खर्चाची जी बाब नव्या माणसाला निरर्थक वाटू शकते, तिच्यापुढे ‘का’ लिहिलेले असावे आणि ते वाचल्याशिवाय कोणत्याही समितीने ती बाब रद्द करू नये, असा ठराव सभेत व्हावा. मुदत संपलेल्या समितीतील एका सदस्याला पुढचे सहा महिने निमंत्रित म्हणून बैठकांना बोलवावे. कंपोस्टचा प्रयोग केवळ सी विंगमध्ये, दोन ड्रमवर, दिवाळीनंतर सुरू करून पुढचा पूर्ण पावसाळा पार होईपर्यंत चालवावा. ऊन असताना सगळेच प्रकल्प छान चालतात. आणि त्यासाठी मावशींना बैठकीला बोलवावे, खुर्ची द्यावी आणि त्या वेळेचे पैसेही द्यावेत.

नोंदवहीचे काम कोणी करायचे हा प्रश्न येईल, याची मला कल्पना आहे. मी करीन. मात्र माझे वय ७१ आहे, त्यामुळे माझ्याबरोबर चाळिशीच्या आतील एक सभासद समितीने नेमावा आणि वही माझ्या घरी न ठेवता कार्यालयाच्या कपाटात ठेवावी.

सौर बंबाचा तो बंद व्हॉल्व्ह शोधण्यासाठी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता जुन्या प्लंबरला मी गच्चीवर बोलावले आहे. गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवण्याची सूचना आपण द्यावी आणि शक्य झाल्यास स्वतः यावे.

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. बी-७०४

सोबत : कंपोस्ट प्रकल्प बंद करण्याविषयीच्या इतिवृत्ताची छायाप्रत, भुशाच्या दोन पावत्या आणि बी विंगच्या गच्चीचा हाताने काढलेला सावलीचा नकाशा.