आमच्या मुलींना वर्षाला एकच सामना: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: मराठवाड्यातील मुलींच्या फुटबॉल लीगबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षिका आहे. शाळा विनाअनुदानित आहे, त्यामुळे पगाराचं बोलत नाही. रोज पहाटे साडेपाचला आणि शाळा सुटल्यावर मी मुलींना फुटबॉल शिकवते. बावीस मुली आहेत. आजवर जे मागितलं ते अर्ज करून, पोच घेऊन, योग्य मार्गाने मागितलं. हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण एकोणीस दिवसांपूर्वी आमच्या सात नंबरचा गुडघा गेला.

तिचं नाव लिहीत नाही. पोर सोळा वर्षांची आहे. आमच्या मैदानावर त्याआधी एका सभेचा मांडव पडला होता. सभा झाली, मांडव उठला, बल्ल्यांचे खड्डे तसेच राहिले. दिसले तेवढे आम्ही मातीनं बुजवले. एक राहून गेला. रविवारी सकाळी ती उजवीकडून चेंडू घेऊन आत वळली आणि पाय खड्ड्यात गेला. गुडघ्याचा आवाज मला मैदानाच्या मधोमध ऐकू आला. मी धावत गेले तेव्हा ती रडत नव्हती. "मॅडम, माह्या पायाचं काय झालं?" एवढंच विचारत होती.

नांदेडला नेऊन एमआरआय काढला. तिच्या आईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे हप्ते साठले होते, पाच हप्ते त्यातच गेले. एसीएल, म्हणजे गुडघा सांभाळणारा आतला अस्थिबंध, पूर्ण तुटला आहे. ऑपरेशनचा खर्च डॉक्टरांनी दीड लाख सांगितला, आणि ते नीट झालं तरी पुढचे नऊ महिने खेळ बंद. आईबाप दिवाळीपासून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आहेत. बापानं फडातून मला फोन केला आणि म्हणाला, मुकादमाकडे आणखी उचल मागतो. साहेब, उचल म्हणजे काय ते आपल्याला माहीत असेल. पुढच्या वर्षीचा घाम आजच विकायचा. एका पोरीनं सरकारी मैदानावर चेंडू खेळला, त्याची ही किंमत.

स्त्रियांच्या गुडघ्याला ही दुखापत पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं होते, हे जगभर मोजलेलं आहे. ती टाळण्यासाठी फिफाने '11 प्लस' नावाचे व्यायाम तयार केले आहेत. मी ते मोबाईलवर बघून शिकले आणि रोज वीस मिनिटं करून घेते. पण खड्ड्यापुढे व्यायाम काय करणार? मैदान मांडवाला देताना खड्डे बुजवल्याशिवाय अनामत परत करायची नाही, एवढी एक अट घालायला किती खर्च येतो?

आता वचनाचं सांगते.

गेल्या वर्षी 26 जानेवारीच्या कार्यक्रमात आमच्याच मैदानावर व्यासपीठावरून जाहीर झालं की येत्या हंगामात मराठवाड्यातल्या मुलींची स्वतंत्र फुटबॉल लीग होणार. कोण बोललं ते लिहीत नाही, त्यांचं त्यांना ठाऊक आहे. माझ्या मुली पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की मला त्यांना गप्प करावं लागलं. आधी मार्च म्हणाले, मग पावसाळा संपला की, मग दिवाळीनंतर. सात नंबरला दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात निरोप आला, तरतूद नाही, विषय वरिष्ठ स्तरावर आहे. तो वरिष्ठ स्तर म्हणजे कोण? आपणच ना? म्हणून हे पत्र आपल्याला.

फुटबॉलचं वेड आम्ही आपलं आपण लावून घेतलेलं नाही, तेही सांगते. 15 सप्टेंबर 2017 आठवतो का? मुलांचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात होणार होता म्हणून 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' काढलं, एका दिवसात दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचा. शासनाचाच आदेश होता. सात नंबर तेव्हा दुसरीत होती. त्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा चेंडूला लाथ मारली आणि तो कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे गेला. सगळ्या शाळांनी फोटो पाठवले, आम्हीही पाठवले. दुसऱ्या दिवशी इतरांसाठी ते संपलं, या पोरीसाठी संपलं नाही. शासनाने तिच्या पायात चेंडू दिला आणि पाठ फिरवली. त्याला आता आठ वर्षं उलटून गेली.

या आठ वर्षांत तिला खेळायला काय मिळालं? सुब्रतो कप. शालेय स्पर्धा. दोन्ही जिल्हा पातळीवर बाद पद्धतीच्या. जिल्ह्याला जायचं, हरलं की त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं परत. म्हणजे वर्षभर पहाटे उठायचं ते एका सामन्यासाठी, फार तर दोन. चुकलं ते सुधारायला पुढचा सामना वर्षाने येतो. तोवर संघातल्या चार मुली दहावी होऊन गेलेल्या असतात, एखादीचं लग्न झालेलं असतं. असा संघ कधी तरी घडेल का? हे मी पदाधिकाऱ्यांना सांगते तेव्हा ते म्हणतात, तुमच्या मुलींमध्ये गुणवत्ता असेल तर वर येतीलच. कशावरून चढून येतील? शिडीच नाही!

देशाने शिडी केली आहे, ती तरी बघा. इंडियन विमेन्स लीग 2017 च्या जानेवारीत सुरू झाली. 2023-24 पासून ती घर-मैदान आणि परक्या मैदानावर, महिनोन्‌महिने चालणारी झाली. त्याच हंगामात तिच्या खाली दुसरी श्रेणी आली, आयडब्ल्यूएल 2. त्यातले पहिले दोन संघ वर जातात. पहिल्या श्रेणीतल्या क्लबांनी किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला किमान 3 लाख 20 हजारांचा करार द्यावा, असा निर्णय अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीने 2023 मध्ये घेतला. 3 लाख 20 हजार! दोन माणसांनी अख्खा हंगाम कोयता चालवला तरी त्यांच्या हातात एवढे राहत नाहीत. मी मुलींच्या आयांना हे सांगितलं तेव्हा एकीनं दोनदा विचारलं, "चेंडू खेळायचे?"

पण त्या दुसऱ्या श्रेणीत जायचं ते राज्याच्या लीगमधून. आणि राज्याचं फुटबॉल मुंबई, पुणे आणि कोल्हापूर या तीन टोकांत फिरतं. कोल्हापूरचा संघ 2018-19 ला देशाच्या लीगमध्ये खेळला. त्याचा मला आनंदच आहे, तिथे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल जपला आहे. पण परभणीहून मुंबई पाचशे किलोमीटरहून जास्त आहे. एका निवड चाचणीला मी सहा मुलींना घेऊन जनरलच्या डब्यातून गेले, रात्रभर दाराशी बसून. सकाळी थेट मैदानावर. वीस मिनिटं खेळवलं. एका मुलीच्या पायाला रेल्वेतच मुंग्या आल्या होत्या. त्यावरून ठरलं की मराठवाड्याच्या पोरींना स्टॅमिना नाही.

स्टॅमिना नाही! बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत, धावला. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत आमच्या मुली का चमकतात? गावोगाव क्लब आहेत, वर्षभर सामने असतात, हरलं तर पुढच्या महिन्यात परत खेळता येतं. म्हणून. फुटबॉलला मी तेवढंच मागते आहे.

माझा हिशोब साधा आहे, कोणी दुरुस्त केला तर मला आनंदच होईल. मराठवाड्याचे आठ जिल्हे, आठ संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावी, एकदा त्यांच्या. 56 सामने होतात. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तो उपयोग आहेच. प्रवास, जेवण, मुक्काम, पंच, पट्टीबंधनाचं सामान असं सगळं धरून एका सामन्याला 25 हजार लावा. 14 लाख झाले. आता सप्टेंबर 2023 मध्ये संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली, तेव्हा मराठवाड्यासाठी 45 हजार कोटींच्या वर पॅकेज जाहीर झालं होतं. त्याचा एक लाखावा भाग काढा, 45 लाख येतो. त्यातही आमची लीग तीन वर्षं चालते. मी एक लाखावा भाग मागते आहे, साहेब, आणि मला उत्तर येतं, तरतूद नाही.

हंगामही मुंबईच्या कॅलेंडरवर ठरवू नका. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. निम्म्या मुली एकतर फडावर असतात, नाहीतर आजीजवळ राहून धाकट्यांना सांभाळतात. लीग जून ते सप्टेंबर ठेवा. पाऊस असतो, असू द्या. ओल्या काळ्या मातीत पडलेलं बरं, उन्हाळ्यातल्या मुरमावर पडलेलं वाईट.

आणि एक गोष्ट जड जाते, पण लिहिते. मार्च 2024 मध्ये याच दुसऱ्या श्रेणीच्या लीगसाठी गोव्यात गेलेल्या दोन खेळाडूंनी तक्रार केली की महासंघाच्याच एका कार्यकारिणी सदस्याने हॉटेलच्या खोलीत घुसून त्यांना मारलं. पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघाने निलंबित केलं. ती बातमी आमच्या गावातही पोचली. मी घरोघर जाऊन जी संमतीपत्रं गोळा केली होती, त्यातली चार आयांनी परत मागितली. "तुम्ही सोबत असाल तर पाठवू, नाहीतर नाही," असं म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? म्हणून प्रत्येक संघासोबत एक महिला व्यवस्थापक, आणि तिचा खर्च लीगच्या खर्चात धरलेला, हे पहिल्या दिवसापासून हवं.

आता मी जे बोलणार आहे ते कदाचित क्रीडाखात्याचं नाही असं आपण म्हणाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019-21 ची आहे. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांतल्या साधारण बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. परभणीत अठ्ठेचाळीस. बीडला जवळपास चव्वेचाळीस. बाहेर कोणाला हा आकडा वाटेल, मला त्यात चेहरे दिसतात. मी चौदा वर्षं शिकवते आहे. माझ्या पहिल्या संघातल्या अकरापैकी सहा जणींची लग्नं बारावीच्या आत झाली, आणि त्यातल्या दोघींच्या मुली आता माझ्याच शाळेत आहेत. मुलगी संघात असली, पुढच्या महिन्यात तिचा सामना असला, पेपरात तिचं नाव येणार असलं, की बाप पाहुण्यांना "औंदा नको" म्हणू शकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सामनाच नसेल तर तो कशाच्या जोरावर नको म्हणेल? सात नंबरची आजी परवा मला म्हणाली, "पाय अधू झाला तर कोण करील तिला, आताच बघावं लागंल." ऑपरेशन व्हायच्या आधी स्थळं बघायला निघाली आहे ती. मी त्या म्हातारीला काय सांगू?

खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. खरं खेळणाऱ्या माझ्या मुलींकडे दाखवायला प्रमाणपत्र नाही, कारण स्पर्धाच नाहीत. आणि बोगस प्रमाणपत्रांवर लोक नोकरीला लागल्याच्या बातम्या याच मराठवाड्यातून आल्या. क्रीडा विद्यापीठ आधी संभाजीनगरजवळ करोडीला जाहीर झालं, मग पुण्याला बालेवाडीला गेलं. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजारोहण होतं, भाषणं होतात, आम्हाला अनुशेष भरून काढायचं वचन मिळतं, आणि पाऊस उघडायच्या आत गाड्या परत मुंबईकडे लागतात. गेल्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर आला. माझ्या मुलींनी एका मोबाईलभोवती बसून पाहिलं, त्यांच्या आनंदात मीही होते. शासनाच्या 'महादेवा' फुटबॉल योजनेचं ऐकून सात नंबरनं मला विचारलं, मॅडम, आपल्याला आहे का? ती योजना तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आहे. चांगली आहे, चालू द्या. पण त्यातून निवडलेली मुलगी चौदाची झाली की ती खेळणार कुठे? सोळाची झाली की कुठे?

झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची अष्टम उराँव 2022 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती. तिच्या नावानं गावात रस्ता होऊ लागला, त्यावर तिचे आईबाप रोजंदारीनं काम करत होते. भारत त्या स्पर्धेत अमेरिकेकडून आठ-शून्य हरला आणि सगळा देश म्हणाला, मुलींना जमत नाही. अमेरिकेच्या मुली वर्षाला किती सामने खेळून आल्या होत्या, ते कोणी विचारलं नाही. पुढे 5 जुलै 2025 ला आपल्या मुलींनी चियांग माईला थायलंडला त्यांच्या घरी 2-1 नं हरवलं आणि पात्रता फेरीतून आशियाई चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या दिवशी आमची सात नंबर मैदानभर तोच दुसरा गोल करत फिरत होती.

माझं मागणं थोडं आहे. आठ जिल्ह्यांची लीग याच जूनमध्ये सुरू करा. तिच्या विजेत्या संघाला राज्याच्या लीगमध्ये जागा द्या, म्हणजे आयडब्ल्यूएल 2 ची वाट आमच्या दारातून जाईल. नोंदणी केलेल्या प्रत्येक मुलीचा विमा उतरवा. आणि सात नंबरच्या ऑपरेशनचा खर्च शासनाने करावा, कारण मैदान शासनाचं होतं आणि खड्डाही.

"पाठपुरावा सुरू आहे" असं उत्तर कृपया पाठवू नका. मला तारीख कळवा. मुलींना मी 1 जूनचा शब्द दिला आहे, आपल्याला न विचारता.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका,
जि. परभणी

ता.क. सात नंबरचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरवायचं आहे. गावात आजवर 61 हजार जमले. उरलेल्यासाठी तिच्या बापानं उचल घेऊ नये म्हणून मी त्याला आठ दिवस थांबवलं आहे.