गोलातला तांबडा ठिपका कुठून आला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या इंफाळ आघाडीवरचा १९४४ चा फोटो रंगवून छापलात: विमानासमोर उभी पाच पोरं, आणि खाली ओळ 'स्पिटफायरसमोर रॉयल इंडियन एअर फोर्सचे पाच वैमानिक'. मूळ कृष्णधवल फोटो शेजारी टपाल तिकिटाएवढा का होईना दिलात, म्हणून ताडून तरी पाहता आलं.

रंगीत फोटोत, विमान कुणाच्या बाजूचं हे सांगणाऱ्या गोल खुणेच्या मध्यभागी लालभडक ठिपका आहे. त्या आघाडीवर, त्या साली तो असूच शकत नाही. जपानी विमानांवर तांबडा गोळा असे. आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर चालू नयेत म्हणून इकडच्या, म्हणजे ब्रिटिश आणि भारतीय, विमानांवरचं तांबडं पुसून टाकलं होतं. मग आत फिका निळा आणि बाहेर गडद निळा, एवढीच खूण राहिली. अमेरिकनांनीही मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातला तांबडा ठिपका याच कारणाने काढला. ज्या रंगापायी ही पोरं स्वतःच्याच गोळ्यांनी पडली असती, तो आपण त्यांच्या विमानाला फासलात. मूळ फोटोत मधला भाग बाहेरच्या कड्यापेक्षा स्पष्ट फिका दिसतो. त्या काळच्या साध्या फिल्मवर तांबडं गडद उतरतं, तांबडा उजेड न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तर जवळपास काळंच. रंग भरणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही, ते अंदाजाने रंग मारतं. म्हणूनच सगळ्यांच्या अंगात निळे शर्ट आले. त्या मुलखात खाकी ड्रिलचे, म्हणजे जाड सुती कापडाचे, कपडे वापरत.

विमान स्पिटफायर नाही, हरिकेन आहे. पोटाखाली मधोमध रेडिएटर आहे, स्पिटफायरचा पंखाखाली असतो. चाकं एकमेकांपासून लांब आहेत, कारण हरिकेनची चाकं आतल्या बाजूला दुमडतात. पाठीला कुबड आहे आणि मागच्या अंगावर कापडाखालच्या पट्ट्यांच्या रेघा दिसतात. शेपटीजवळ दोन अक्षरं आणि तीन आकडे असा विमानाचा क्रमांक असतो. रंगीत फोटोत नेमका तोच भाग कापला आहे. तो हाती असता तर स्क्वॉड्रनच्या उड्डाण-नोंदींतून त्या दिवशी विमान कुणी उडवलं, किती वाजता उठलं, किती वाजता उतरलं, सगळं लावता आलं असतं.

'पाच वैमानिक' हेही चूक. वैमानिकाच्या डाव्या खिशाच्या वर दोन पंखांचं चिन्ह असतं, नेव्हिगेटर किंवा गनरला एकच पंख आणि अक्षर. फोटोत पंख दोघांच्याच छातीवर आहेत. बाह्या दुमडून उभे असलेले बाकीचे तिघे जमिनीवरचे कामगार वाटतात: इंजिनवाला फिटर, सांगाड्याचा रिगर, दारूगोळ्याचा आर्मरर. आपल्या बेळगावजवळचं सांबऱ्याचं विमानतळ १९४२ चं आणि आज तिथेच हवाई दलाचे एअरमन, म्हणजे अधिकारी नसलेले सैनिक, घडतात. बेळगावच्या पेपरात तरी या तिघांना त्यांचं काम मिळायला हवं होतं.

पण सगळ्यात संताप आला तो फोटोखालचं आवाहन वाचून. 'जुने फोटो असल्यास लॅमिनेट करून कार्यालयात पाठवावेत.' कृपा करून हे मागे घ्या! लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि गोंद दोन्ही फोटोत शिरतात, ते पुन्हा निघत नाही. आपल्या शेजारच्या खानापूरकडे चार महिने हवा ओली असते. त्या दमटपणात फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो, बुरशी धरतो, फ्रेमच्या काचेला चिकटतो. चिकटलेला फोटो कधीही ओढू नये, थर काचेवरच राहतो. तो काचेसकट, बाजूने तिरका उजेड देऊन कॅमेऱ्याने टिपावा. सुटे फोटो घरातच स्कॅन करावेत. मोठा असेल तर ६०० डीपीआय (दर इंची ठिपके), तळहाताएवढा असेल तर १२००. कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत मोडमध्येच करावा, म्हणजे डाग आणि शिक्के वेगळे ओळखू येतात. फाइल टिफ (TIFF) प्रकारात ठेवावी, आपोआप सुधारणा बंद ठेवावी, पांढरी किनार कापू नये. पाठीमागची बाजू तर हमखास घ्यावी, पुष्कळदा जागा आणि तारीख तिथेच असते. नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने, मागे कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूने चेहऱ्यावर उमटतो. चिकट पानांचे अल्बम नकोत, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या नकोत. मूळ फोटो कुणालाही, आपल्या कार्यालयालाही, देऊ नये, स्कॅन द्यावा.

पुढच्या रविवारी मूळ कृष्णधवल फोटो न कापता, पानभर छापावा आणि दुरुस्ती त्याच पानावर द्यावी. आपली शुद्धिपत्रं आतल्या पानावर लग्नाच्या जाहिरातींखाली जातात, ती कुणी वाचत नाही.

आणखी एक. फोटोखालच्या ओळीत दलाच्या नावाआधी 'रॉयल' छापलं आहे. ती उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली. १९४४ च्या फोटोखाली नुसतं 'इंडियन एअर फोर्स' पाहिजे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव